दुपारच्या ताटासाठी जागा द्या: पुण्याच्या महापालिका आयुक्तांस खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, यांस



दुपारी बारा ते दोन या वेळात आपल्या शहराच्या हद्दीत जी असंख्य माणसे कामानिमित्त घराबाहेर असतात, त्यांच्यापैकी ज्यांना उपाहारगृहातील थाळी परवडत नाही आणि ज्यांना घरून डबा येण्याचीही सोय नाही, अशांच्या जेवणाचा प्रश्न आजवर कोणत्याही एका खात्याचा म्हणून गणला गेलेला नाही. तो प्रश्न आपल्यापुढे मांडावा, आणि तो पुष्कळ अंशी सोडविण्याचे साधन आपल्याच ताब्यात आहे हेही विनयपूर्वक निदर्शनास आणावे, एवढ्यासाठी हे पत्र जाहीर रीतीने लिहीत आहे.

ही माणसे कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. भल्या सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहून एका दिवसाचे काम मिळविलेला गवंड्याचा मदतनीस. रुग्णाला ससून रुग्णालयात दाखल करून त्याच्या उशापायथ्याशी बसलेले परगावचे आप्त. शिवाजीनगरच्या न्यायालयात तारखेसाठी आलेला आणि तारीख पुढे गेली असे ऐकून बाहेर पडलेला पक्षकार. खराडी-बाणेरच्या काचेच्या इमारतींत फरशी पुसणारी बाई आणि त्याच इमारतींच्या दाराशी बारा-बारा तास उभा राहणारा रखवालदार. दुसऱ्यांची जेवणे दुचाकीवरून वेळेत पोहोचविता पोहोचविता स्वतःच्या जेवणाची वेळ चुकविणारा तरुण. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतील अभ्यासिकांत राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करीत बसलेली, बीड, लातूर, परभणी, नांदेडकडची शेतकऱ्यांची मुले आणि मुली. यांच्यापैकी कोणी भीक मागत नाही, आणि कोणाला फुकटचे अन्नही नको आहे. प्रत्येकाची मागणी इतकीच, की आपल्या कमाईशी काही प्रमाण राखील अशा किमतीत, त्याच दिवशी शिजलेले, पोटभर आणि स्वच्छ जेवण बसून खाता यावे. लक्ष्मी रस्त्यापासून बालेवाडीपर्यंत खाद्यपदार्थांच्या पाट्यांची रांग लागलेल्या या शहरात ही मागणी पुरी होणे उत्तरोत्तर कठीण होत चालले आहे.

पोट भरण्याचे स्वस्त मार्ग शहरात नाहीत असे नव्हे. वडापाव आहे, सामोसा आहे, पोहे आहेत, रात्री उशिरापर्यंत तळणीवर उभ्या असलेल्या गाड्या आहेत. परंतु वडापाव ही भूक भागविण्याची तात्पुरती तजवीज होय. तिला जेवण म्हणता येणार नाही. आठवड्यातील सहा दिवस दुपारी मैदा, बटाटा आणि पुन्हा पुन्हा तापविलेले तेल यांवर भागवणाऱ्या विशीतल्या मुलाच्या शरीरातून काय वजा होत जाते, हे त्याला त्या वयात कळत नाही. डाळ, पालेभाजी, उसळ, ताक, कोशिंबीर, ज्वारीची भाकरी या ज्या साध्या वस्तूंवर महाराष्ट्रातील कष्टकरी माणसाची प्रकृती आजवर टिकली, त्याच वस्तू शहरात मिळणे महाग झाले आणि तळलेले स्वस्त राहिले, ही उलटापालट माझ्या मते आरोग्य खात्याने हिवताप किंवा दूषित पाणी यांच्याइतक्याच गांभीर्याने घ्यावी अशी आहे.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही, आणि म्हणूनच पुण्याने त्याची दिलेली उत्तरे तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल. विद्येसाठी या शहरात येणाऱ्या गरीब मुलाने कोणाच्या घरी सोमवार, कोणाच्या घरी मंगळवार असे वार लावून जेवावे, किंवा झोळी घेऊन माधुकरी मागावी, हा परिपाठ येथे दीर्घकाळ चालला. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचे आरंभीचे विद्यार्थीही माधुकरीच्या अन्नावरच शिकले. त्या व्यवस्थेने अनेक कर्तबगार माणसे घडविली हे निर्विवाद आहे. परंतु तिच्या दोन मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. एक तर ते अन्न देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि दुसरे म्हणजे ते मागणाऱ्याची जात विचारूनच दिले जात होते. ज्या पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांसारख्या थोर पुरुषांना ग्रामण्यास, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादास, तोंड द्यावे लागले, त्या पुण्यात महार-मांगांच्या मुलाने कोणत्या दारी वार लावावा, हा प्रश्न विचारण्याचीही सोय नव्हती.

खानावळीने यात जे परिवर्तन घडविले त्याचे माहात्म्य आपण पुरेसे ओळखलेले नाही. घरची माणसे गावाकडे ठेवून नोकरीसाठी आलेला कारकून, मुद्रणालयातील जुळारी, नाटक मंडळीतील नट, महाविद्यालयातील विद्यार्थी, या सर्वांना महिन्याचे पैसे भरून एका पंक्तीस बसता येऊ लागले. नानासाहेब सरपोतदारांसारख्या चित्रपटसृष्टीतील माणसाने १९३५ साली लक्ष्मी रस्त्यावर काढलेले पूना गेस्ट हाउस काय, किंवा टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंग काय, या जागांनी पुणेरी भोजनाची कीर्ती वाढविलीच. पण त्यांच्याहूनही मोठे काम पेठांतील वाड्यांच्या तळमजल्यावर, बहुधा एखाद्या विधवा बाईच्या हिंमतीवर चाललेल्या असंख्य नामफलकहीन खानावळींनी केले. पैसे मोजून जेवणाऱ्यास कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत आणि कोणास कुळ सांगावे लागत नाही. अन्न विकत घेण्यातला हा स्वाभिमान मला दानाच्या पुण्याहून अधिक मोलाचा वाटतो, आणि माझ्या सर्व सूचना या एका श्रद्धेवर उभ्या आहेत.

आता या खानावळीचे, आजच्या भाषेत मेसचे, अर्थशास्त्र पाहा. कारण स्वस्त आणि ताजे या दोन गुणांचा मेळ तेथे कसा बसतो, हे समजल्यावाचून उपाय सुचणार नाही. मेस लावणारा मनुष्य महिन्याचे पैसे आगाऊ भरतो. त्यामुळे चालविणाऱ्या बाईस भांडवलासाठी सावकाराच्या दारी जावे लागत नाही. किती पाने बसणार हे तिला सकाळीच ठाऊक असते. त्यामुळे तितकीच कणीक मळली जाते, तितकेच वरण शिजते आणि दोन वाजता पातेली रिकामी होतात. काय जेवावे याची निवड जेवणाऱ्याकडे नसते. त्या दिवशी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जी भाजी मुबलक, ती ताटात येते. म्हणून कोबीच्या दिवसांत कोबी आणि मेथीच्या दिवसांत मेथी. गावी जाणाऱ्याचे खाडे हिशेबात धरले जातात, रविवारी दुपारी गोडाचे जेवण होते आणि रविवारी रात्री चुलीस विश्रांती मिळते. याच्या उलट, भल्यामोठ्या यादीतील कोणताही पदार्थ कोणत्याही घटकेस हजर ठेवणाऱ्या उपाहारगृहास आदल्या दिवशीचे वाटण थंड कपाटात ठेवावेच लागते, आणि न खपलेल्या मालाची किंमत खपलेल्या ताटावर चढवावीच लागते. थोडक्यात, मेसमधील ताजेपणा आणि स्वस्ताई ही एकाच कारणाची दोन फळे आहेत: तेथे आज शिजलेले आजच संपते.

मग अशा मेस कमी का होत चालल्या, आणि ज्या उरल्या त्यांची पोळी लहान व आमटी पातळ का होत चालली? धान्य, तेल आणि भाजी यांची महागाई हे कारण खरे आहे, परंतु ती झळ घरच्या स्वयंपाकालाही तितकीच लागते. मेसवर ज्यांचा विशेष भार पडतो अशा गोष्टी दोन. पहिली गोष्ट इंधन. घरगुती वापराचे १४.२ किलोचे सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास कायद्याने मनाई आहे, आणि १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरचा दर किलोमागेही अधिक पडतो. दुसरी, आणि माझ्या मते निर्णायक गोष्ट म्हणजे जागा. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तळमजल्याचा चौरस फूट सोन्याच्या मोलाचा झाला. आणि जेथे कपड्यांचा किंवा भ्रमणध्वनीचा व्यापारी मागेल ते भाडे देण्यास तयार आहे, तेथे कमी नफ्यावर वरणभात वाढणारी बाई टिकणार कशी? ती मग माळ्यावर जाते, बोळात जाते, किंवा स्वतःच्या दोन खोल्यांत स्वयंपाक करून फक्त डबे देऊ लागते. पोळीभाजी केंद्रांचा जो प्रसार या शहरात झाला, त्याच्या मुळाशीही पुष्कळ अंशी हेच आहे: बसवून वाढण्यास जागा नाही, म्हणून बांधून देणे भाग पडते. भ्रमणध्वनीवरून जेवण मागविण्याच्या व्यवस्थेने तिला गिऱ्हाईक मिळवून दिले खरे, पण प्रत्येक ताटातून मध्यस्थाचा वाटाही काढून घेतला. आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहीत आहे तो मजूर त्या व्यवस्थेच्या परिघात येतच नाही.

जागेचा हा प्रश्न सुटला म्हणजे काय होऊ शकते, याचा दाखला शोधण्यास दूर जावे लागत नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली संघटित झालेल्या पुण्यातील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये, म्हणजे दुष्काळानंतरच्या भयंकर महागाईत, 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसास बाजारातील हॉटेलात पोटभर जेवणे अशक्य झाले होते. तेव्हा संघटनेने स्वतःचे स्वयंपाकघर घातले, ना नफा ना तोटा हे तत्त्व ठरविले, भाकरी थापण्याचे काम कष्टकरी घरांतील बायांना देऊन त्यांना रोजगार दिला, आणि झुणका-भाकरीपासून पूर्ण जेवणापर्यंत सर्व काही परवडेल अशा दरात कोणाही माणसास मिळू लागले. तेथे हमाल जेवतो तसा रिक्षाचालकही जेवतो, विद्यार्थीही जेवतो आणि न्यायालयात आलेला शेतकरीही जेवतो. अर्धशतक उलटून गेले तरी हे काम चालू आहे. सरकारे बदलली, योजना आल्या आणि गेल्या, पण ही भाकरी टिकली. कारण ती कोणाच्या अनुदानावर शिजत नव्हती. जेवणारा पूर्ण किंमत देत होता. त्या किमतीतून मालकाचा नफा आणि अवाच्या सवा भाडे एवढेच वजा झालेले होते.

याच्या शेजारी शासकीय योजना ठेवून पाहिल्या म्हणजे फरक ध्यानात येतो. १९९५ मध्ये राज्य शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना काढली. हेतू उत्तम होता, लोकांनी तिचे स्वागतही केले. परंतु एक रुपयात ताट देणे हे शासनाच्या मदतीवाचून शक्यच नव्हते. ती मदत आटल्यावर मोक्याच्या जागी उभी राहिलेली पुष्कळ केंद्रे इतर खाद्यपदार्थांची दुकाने होऊन बसली. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेली शिवभोजन योजना अधिक विचारपूर्वक आखलेली होती. तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण असे तिचे ताट ठरले; शहरी भागात त्या ताटाची किंमत ५० रुपये धरून जेवणाऱ्याकडून १० रुपये घ्यावयाचे आणि उरलेले ४० शासनाने केंद्रचालकास द्यावयाचे, अशी रचना होती. महामारीच्या काळात तेच ताट आधी ५ रुपयांत आणि २०२१ मध्ये काही महिने विनामूल्य दिले गेले. त्या काळात हातावर पोट असलेल्या किती जणांना त्या ताटाने जगविले, हे ज्यांनी पाहिले ते कधी विसरणार नाहीत, आणि त्या योजनेविषयी मला कृतज्ञतेवाचून दुसरे काही म्हणावयाचे नाही. तथापि दर ताटामागे शासनाच्या तिजोरीकडे हात पसरावा लागणारी व्यवस्था तिजोरीच्या लहरीवर चालते. केंद्रचालकांची देयके थकली म्हणजे प्रथम भाजी पातळ होते आणि मग कुलूप लागते. शिवाय एकूण साठ ग्रॅमच्या चपात्यांवर दिवसभर सिमेंट वाहणाऱ्याचे पोट भरत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

केरळातील अनुभव याहूनही बोधप्रद आहे. तेथे २०२० पासून कुटुंबश्रीच्या महिला गटांनी जनकीय हॉटेले चालविली. २० रुपयांत दुपारचे जेवण, ताटामागे १० रुपये राज्याचे अनुदान, आणि जागा, वीज व पाणी यांचा भार स्थानिक स्वराज्य संस्थांवर, अशी विभागणी होती. २०२३ मध्ये राज्याने ताटाचे अनुदान काढून घेतले तेव्हा अनेक गट अडचणीत आले, दर वाढवावे लागले; परंतु ज्यांच्या डोक्यावर हक्काचे छप्पर होते त्यांना वाढीव दरातही चूल चालू ठेवण्याचा मार्ग उरला. चेन्नई महानगरपालिकेने २०१३ मध्ये अम्मा उणवगम सुरू करून १ रुपयात इडली आणि ५ रुपयांत सांबारभात दिला. बंगळुरूत २०१७ पासून इंदिरा कँटीनमध्ये १० रुपयांत दुपारचे जेवण मिळू लागले. दोन्ही उपक्रम स्तुत्य आहेत, पण दोन्हींचा तोटा सार्वजनिक निधीतून दर वर्षी भरून काढावा लागतो. सिंगापूरने वेगळा मार्ग धरला. तेथील शासनाने १९७० च्या दशकात रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांसाठी पाणी, मोऱ्या आणि छप्पर असलेल्या बाजारशाळा बांधल्या आणि विक्रेत्यांस तेथे वसविले. ताटाची किंमत ज्याची त्याने ठरविली, पण शेजारी शेजारी बसलेल्या विक्रेत्यांच्या स्पर्धेने ती आटोक्यात ठेवली. त्या भोजनसंस्कृतीस २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडातील नगरपालिकांनीही शाळांच्या आणि चर्चच्या दालनांत ना नफा ना तोटा तत्त्वावर भोजनगृहे चालविली होती. या सर्व उदाहरणांतून मला निघणारा निष्कर्ष एकच दिसतो, आणि तोच या पत्राचा गाभा आहे: महानगरपालिकेने सवलत द्यावी ती ताटाला देऊ नये, जागेला द्यावी.

जागा आपल्यापाशी आहेत. शहरभर पसरलेल्या मंडया आणि त्यांतील वर्षानुवर्षे रिकामे पडलेले गाळे, पटसंख्येअभावी बंद झालेल्या शाळाखोल्या, समाजमंदिरे, वाहनतळांचे तळमजले, रुग्णालयांची आवारे, या सर्व मिळकती पुणेकरांच्या पैशांतून उभ्या राहिल्या आहेत. महात्मा फुले नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या इमारतीवरील खर्चास त्यांनी विरोध केला होता आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला होता. १८८६ मध्ये ती मंडई उभी राहिली आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतीचा उपयोग कोणास होतो, हा जोतीरावांचा प्रश्न आजही त्या मंडईच्या आणि तिच्यानंतर बांधलेल्या प्रत्येक मंडईच्या दाराशी उभा आहे. त्या इमारतींत कष्टकऱ्याचे जेवण शिजू लागले तर त्या प्रश्नाला योग्य उत्तर दिल्यासारखे होईल.

आपले अधिकारी यावर एक रास्त हरकत घेतील, आणि तिचा विचार मी केला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७९ अन्वये पालिकेची मिळकत चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात भाडेपट्ट्याने देता येत नाही. आणि हे बंधन योग्यच आहे, नाही तर लोकांच्या मिळकती मर्जीतल्या माणसांकडे जावयास वेळ लागणार नाही. परंतु माझी सूचना भाडेपट्ट्याची नाही. पालिकेने मिळकतीचा ताबा स्वतःकडेच ठेवावा, स्वयंपाकघर पालिकेची सेवा म्हणून चालवावे, आणि ते चालविण्याचे काम ठराविक मुदतीच्या कराराने महिला बचत गटांना, कामगारांच्या सहकारी संस्थांना आणि जागेअभावी धंदा बंद करावा लागलेल्या खानावळचालकांना द्यावे. निविदा मागवाव्यात, पण त्यांचा निकष उलटा असावा: जो सर्वांत अधिक भाडे देईल त्याला काम न देता, जो ठरविलेल्या वजनाचे आणि दर्जाचे ताट सर्वांत कमी किमतीत देण्याचे लेखी कबूल करील त्याला द्यावे. एवढा एक फेरफार केला, तर पालिकेच्या तिजोरीतून ताटामागे एक पैसाही न जाता ताट स्वस्त होईल. राज्य शासनाची मंजुरी लागत असेल तर ती मागावी. अशा कामासाठी मंजुरी नाकारणे कोणत्याही शासनास सोपे जाणार नाही.

ताटाचा दर्जा राखण्यासाठी काही साध्या अटी कराराच्या मसुद्यातच घालाव्यात. आजची भाजी, आमटी आणि किंमत दारावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असावी. पोळी किंवा भाकरी जेवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तव्यावरून उतरावी. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी वाढू नये, म्हणून महिन्याचे पैसे भरणारे आणि रोजचे मिळून पानांचा अंदाज आदल्या दिवशी बांधावा. जादा पोळीची किंमत वेगळी सांगावी, म्हणजे कमी खाणाऱ्यावर अधिक खाणाऱ्याचा भार पडणार नाही आणि हमालास अर्धपोटी उठावे लागणार नाही. हात धुण्यास पाणी, बसण्यास बाक आणि बायकांना निर्धास्त बसता येईल अशी मोकळी, उजेडाची जागा असावी. ही शेवटची अट मी विशेष आग्रहाने लिहितो. कारण घराबाहेर काम करणाऱ्या कष्टकरी बाईस दुपारी कोठे बसून जेवावे हा प्रश्न पुरुषाहून अधिक छळतो, आणि तो सुटत नाही म्हणून कित्येकजणी जेवल्यावाचूनच दिवस काढतात.

आज चालू असलेल्या मेसनाही या व्यवस्थेने धक्का लागू नये, उलट हात मिळावा. अन्नसुरक्षा कायद्याखाली वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकास वर्षाला १०० रुपये शुल्कात नोंदणी करता येते. परंतु अर्ज, दाखले आणि संगणकावरील खटपट यांच्या भीतीने अनेक बाया त्या वाटेस जात नाहीत आणि मग कायम लपून राहतात. क्षेत्रीय कार्यालयांत महिन्यातून एक दिवस या नोंदणीसाठी राखून ठेवावा. निरीक्षकाने प्रथम सुधारणा सुचवावी, मुदत द्यावी, आणि तरीही कसूर झाली तरच दंड करावा. ज्या खानावळी या कसोटीस उतरतील त्यांची प्रभागवार यादी पालिकेने प्रसिद्ध करावी, आणि ती स्वारगेट व शिवाजीनगरच्या बसस्थानकांवर, रुग्णालयांच्या आणि अभ्यासिकांच्या दाराशी लावावी. जुन्या पुणेकरास चांगली खानावळ ओळखता येते: रिक्षावाल्यांच्या रिक्षा कोठे उभ्या आहेत, साडेबारालाच गर्दी कोठे होते आणि दोन वाजता "भाजी संपली" असे कोठे निःसंकोचपणे सांगितले जाते, हे त्याला ठाऊक असते. परंतु काल रात्रीच्या गाडीने उतरलेल्या मुलाला यातले काही ठाऊक नसते, आणि पहिल्या महिन्यात तो जेथे चुकतो तेथे त्याच्या पैशांबरोबर प्रकृतीचीही हानी होते.

कारखान्यांच्या बाबतीत हे तत्त्व आपण फार पूर्वीच मान्य केले आहे. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृह असलेच पाहिजे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात करण्यात आली. कारण दुपारचे जेवण हा श्रमाचाच एक भाग होय, हे स्वतंत्र भारताच्या कायद्याने आरंभीच ओळखले. पुढे श्रमाचे स्वरूप बदलले. कारखान्याची भिंत नाहीशी झाली आणि कामगार शहरभर विखुरला: कोणी पुलाच्या कामावर, कोणी दुचाकीवर, कोणी रुग्णालयाच्या व्हरांड्यात. त्याचा मालक एक नाही, म्हणून त्याचे उपाहारगृहही कोणावर बंधनकारक नाही. २०२१ मध्ये २३ गावे सामील झाल्यावर महाराष्ट्रातील सर्वांत विस्तृत महानगरपालिका ठरलेले हे शहर ज्याच्या श्रमावर वाढते आहे, त्या विखुरलेल्या कामगाराच्या बाबतीत कारखानदाराची ही जबाबदारी शहरानेच उचलली पाहिजे.

म्हणून माझी विनंती मर्यादित आणि निश्चित आहे. आगामी अंदाजपत्रकात पाच स्वयंपाकघरांची तजवीज करावी: एक ससूनच्या परिसरात, एक शिवाजीनगर न्यायालयाजवळ, एक मध्यवर्ती पेठांतील अभ्यासिकांच्या वस्तीत, एक खराडीकडे आणि एक नव्याने सामील झालेल्या गावांपैकी जेथे बांधकामाचे मजूर अधिक आहेत तेथे. पालिकेने जागा, पाणी, मोरी आणि एकदाच लागणारी भांडीकुंडी द्यावी. बाकीचा जमाखर्च चालविणाऱ्या गटाने सांभाळावा आणि तो दर तीन महिन्यांनी दारावर लावावा. हमाल पंचायतीसारख्या अनुभवी संघटनेस सल्ल्यासाठी बोलवावे. वर्षअखेर किती पाने उठली, किती किमतीस उठली आणि किती अन्न वाया गेले, याचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. उपक्रम फसला असेल तर तो मोकळेपणाने बंद करावा, आणि यशस्वी झाला असेल तर प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक स्वयंपाकघर उभे करावे.

महोदय, उड्डाणपूल, मेट्रो आणि नदीकाठ यांच्या योजनांवर आपण जी रक्कम खर्च करता तिच्यापुढे ही मागणी फार लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच ती पुढे ढकलली जाण्याचे भय वाटते. रस्ता एक वर्ष उशिरा झाला तर लोक वळसा घेतात, पण दुपारच्या भुकेला पर्यायी मार्ग नसतो. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः पाठविण्याची तसदी आपण घेऊ नये. कोणत्या पाच जागा निवडल्या आणि तेथील चुली कोणत्या तारखेस पेटणार, हे वृत्तपत्रांतून जाहीर करावे, म्हणजे हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले असे मी समजेन.



आपला,
एक पुणेकर करदाता नागरिक